एआर कॉलरची नोकरी घ्यावी का? मेडिकल बिलिंगमध्ये काम केलेल्यांनी सांगा

कृष्णाकाठची (१२ जून, रात्री ९:४०)

नमस्कार. मी कराडजवळच्या गावातली. यंदा बी.कॉम. झाले, टॅली येतं. पुण्यात खराडीच्या एका कंपनीत 'एआर कॉलर' म्हणून निवड झाली आहे. अमेरिकेतल्या डॉक्टरांची विमा कंपन्यांकडे अडकलेली बिलं सोडवायची, एवढं मुलाखतीत कळलं. वेळ संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन. सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं आहे.

आमचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. बाबांनी एकच विचारलं, "हे काम अकाउंट्सचं आहे की फोनचं?" मला उत्तर देता आलं नाही. आई रात्रपाळी ऐकून गप्पच झाली.

माझी भीती वेगळी आहे. बारावीपर्यंत मराठी माध्यम. इंग्रजी वाचता-लिहिता येतं, पण आठ तास अमेरिकन माणसाशी बोलायचं म्हटलं की घशाला कोरड पडते. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी खरं काय ते सांगा.

पहाट_साडेतीन (१२ जून, रात्री १०:१५)

मी आठ महिन्यांत सोडलं. काम वाईट नव्हतं, पण माझं शरीर रात्रीला कधी सरावलंच नाही. दिवसा खोलीत उजेड, खाली रस्त्यावर भाजीवाले, झोप तीन तासांच्या वर जायची नाही. तुला आधीपासून मायग्रेन किंवा पित्ताचा त्रास असेल तर दहा वेळा विचार कर. हे कोणी मुलाखतीत सांगत नाही म्हणून लिहिलं.

रात्रीचा_प्रवासी (१३ जून, दुपारी २:०५)

ऐरोलीत अकरा वर्षं याच कामात आहे. कॉलर म्हणून लागलो, आता टीम बघतो. बाबांचा प्रश्न अगदी नेमका आहे, म्हणून त्याचंच उत्तर देतो. जरा लांबेल.

दुकानातली उधारीची वही डोळ्यासमोर आण. शेतकरी खत घेऊन जातो आणि म्हणतो, उसाचं बिल आलं की देतो. म्हणजे बाबांचे पैसे अडलेत कारखान्याकडे. आता शेतकऱ्याच्या जागी पेशंट ठेव, कारखान्याच्या जागी विमा कंपनी, बाबांच्या जागी डॉक्टर. बाबा वही उघडून बघतात ना, कोणाचे पैसे महिन्याभरातले, कोणाचे दिवाळीपासूनचे? तेच आमच्याकडे एजिंग रिपोर्ट म्हणून येतं: ० ते ३० दिवस, ३१ ते ६०, ६१ ते ९०, ९१ ते १२० आणि त्यापुढचे. जसजसा रकाना उजवीकडे सरकतो तसतसा पैसा हातातून जातो. 'एआर' म्हणजे अकाउंट्स रिसिव्हेबल, म्हणजे येणं. तू बी.कॉम.ला शिकलीस तेच. फरक इतकाच की इथे प्रत्येक येण्यामागे एक कारण शोधावं लागतं.

एक बिल घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत. अडुसष्ट वर्षांच्या आजी डॉक्टरकडे गेल्या. त्यांना मेडिकेअर आहे, म्हणजे मुख्यतः ६५ वर्षांवरच्यांचा सरकारी विमा. डॉक्टरने ९९२१४ कोड लावला, जुन्या पेशंटची जरा गुंतागुंतीची तपासणी. बिल २०० डॉलर. ते क्लिअरिंग हाऊसमधून, म्हणजे बिलं तपासून पुढे पाठवणाऱ्या मधल्या कंपनीतून, मेडिकेअरकडे गेलं. मेडिकेअरने सांगितलं, आमच्या दराने याचे १३०. वरचे ७० डॉलर सीओ-४५ म्हणून सोडून द्यायचे, ते आजींकडे मागता येत नाहीत. वर्षाचं डिडक्टिबल (विम्याने पैसे द्यायच्या आधी पेशंटने स्वतः भरायची रक्कम) भरून झालं असेल तर १३० चे ८० टक्के, म्हणजे १०४, मेडिकेअरचे. उरलेले २६ आजींचे किंवा त्यांच्या दुसऱ्या विम्याचे. त्या १०४ मधूनही २ टक्के सीक्वेस्ट्रेशनची, म्हणजे सरकारी खर्चकपातीची, कपात होते, तिचा कोड सीओ-२५३. डॉक्टरच्या खात्यात येतात १०१.९२. दोनशेचं बिल आणि एकशे एक जमा, तरीही हिशोब पूर्ण जुळला. हे ज्याला समजलं त्याला पेमेंट पोस्टिंग, म्हणजे आलेले पैसे खात्यात नोंदवणं, समजलं.

यात 'सीओ' आणि 'पीआर' हे दोन गट आधी मनावर कोरून घे. सीओ म्हणजे करारामुळे डॉक्टरने सोसायचे. पीआर म्हणजे पेशंटने भरायचे: पीआर-१ डिडक्टिबल, पीआर-२ कोइन्शुरन्स (टक्केवारीतला वाटा, वरचे २६ डॉलर तेच), पीआर-३ कोपे (दर भेटीची ठरलेली रक्कम). स्क्रीनवर ही दोनच अक्षरं असतात. ती चुकली तर कुठल्यातरी गावात एका म्हातारीच्या घरी तिचं देणंच नसलेलं बिल जाऊन पडतं, आणि ती घाबरून भरूनही टाकते. मी माझ्या टीमला बाकी चुका एकदा माफ करतो, ही नाही.

आता फोन. विमा कंपनीला फोन लावला की आधी मशीन बोलतं, मग कधी पाच मिनिटं, कधी चाळीस मिनिटं होल्ड. माणूस आला की तू डॉक्टरचा दहा आकडी ओळख क्रमांक, म्हणजे एनपीआय, सांगतेस, टॅक्स आयडी, पेशंटचा मेंबर आयडी, जन्मतारीख, तपासणीची तारीख, बिलाची रक्कम. तो सांगतो, "क्लेम डिनाय झाला." नवीन मुलं इथे 'थँक यू' म्हणून फोन ठेवतात. खरं काम तिथून पुढे सुरू होतं. कोणत्या तारखेला डिनाय झाला? कोणता कोड? नक्की कोणती माहिती कमी होती? दुरुस्त क्लेम पाठवायचा की अपील? अपीलची मुदत किती, पत्ता की फॅक्स? क्लेम नंबर आणि या फोनचा रेफरन्स नंबर काय? हे सगळं विचारल्याशिवाय फोन ठेवायचा नाही.

माझी एक चूक सांगतो, कारण ती मला अजून टोचते. पहिल्या वर्षी एक क्लेम माझ्याकडे आला. विमा कंपनीने सांगितलं, "आमच्याकडे असा क्लेमच नाही." मी लिहिलं, 'पुन्हा पाठवला, तीस दिवसांनी बघू.' तीस दिवसांनी तेच उत्तर, मी पुन्हा तेच लिहिलं. तिसऱ्यांदा फोन केला तेव्हा क्लेम भरायची मुदत संपली होती. त्या कंपनीच्या करारात ती फक्त ९० दिवसांची होती. मागे जाऊन बघितलं तर क्लेम क्लिअरिंग हाऊसमध्येच परत फिरत होता, मेंबर आयडीतला एक आकडा चुकला होता म्हणून. तीनही वेळा परत आल्याचा रिपोर्ट आमच्याच फोल्डरमध्ये पडला होता, मी उघडला नव्हता. पैसे डॉक्टरचे बुडाले.

तेव्हापासून मी रिजेक्शन आणि डिनायल हे दोन शब्द कधी एकत्र वापरू देत नाही. रिजेक्ट झालेला क्लेम विमा कंपनीच्या दारातच गेलेला नसतो. तो दुरुस्त करून पुन्हा पाठवायचा, अपील कसलं करणार? डिनाय झालेला क्लेम त्यांनी तपासून नाकारलेला असतो. तिथे दाद मागता येते.

तर बाबांना सांग: हे वसुलीचं काम आहे, फोनवरून करायचं, आणि त्याला अकाउंट्सची समज लागते.

पहाट_साडेतीन (१३ जून, दुपारी २:५०)

रात्रीचा_प्रवासी, तुमच्यासारखा टीम लीड मला मिळाला असता तर कदाचित टिकले असते. आमच्याकडे दिवसाला इतके कॉल झालेच पाहिजेत, एवढंच होतं. अवघड क्लेमवर पाऊण तास घालवला तर आकडा खाली यायचा. मग सगळे सोपे क्लेम उचलायचे आणि अवघड क्लेम १२० दिवसांच्या रकान्यात सडायचे.

रात्रीचा_प्रवासी (१३ जून, संध्याकाळी ५:३०)

हे खरं आहे आणि अजूनही बऱ्याच ठिकाणी आहे. कृष्णाकाठची, सोमवारच्या आधी एचआरला दोन गोष्टी विचार. टार्गेट फक्त कॉलच्या संख्येवर आहे की क्लेम सुटण्यावरही? आणि बाँड आहे का? असला तर किती महिन्यांचा, मध्येच सोडलं तर किती भरायचं, हे कागदावर माग. मूळ गुणपत्रिका कुणी ठेवून घेत असेल तर त्या कंपनीत जाऊ नकोस.

कोडवाली (१३ जून, रात्री ८:१०)

मी बीपीटी (फिजिओथेरपी) केलंय, कोडिंगमध्ये, म्हणजे डॉक्टरच्या नोटवरून आजार-उपचारांचे कोड लावण्याच्या कामात, सात वर्षं. एआरच्या लोकांना कोडिंग थोडं तरी यायला हवं, असं माझं ठाम मत आहे. तुमच्याकडे येणारी निम्मी डोकेदुखी आमच्या टेबलावरून निघालेली असते.

सीओ-९७ घ्या. विमा कंपनी म्हणते, या सेवेचे पैसे दुसऱ्या सेवेत आलेच आहेत. पेशंट गुडघा दाखवायला आला, डॉक्टरने नीट तपासलं आणि त्याच दिवशी गुडघ्यात इंजेक्शनही दिलं. तपासणीच्या कोडला २५ मॉडिफायर (तपासणी वेगळी होती हे सांगणारी, कोडला जोडायची खूण) लावला नाही तर तपासणीचे पैसे इंजेक्शनमध्ये बुडतात. पण मॉडिफायर पैशासाठी लावायचा नसतो. तपासणी खरोखर वेगळी आणि पुरेशी झाली होती हे डॉक्टरच्या नोटमध्ये दिसलं पाहिजे. एआरवाले आम्हाला ईमेल टाकतात, 'प्लीज ॲड २५'. आधी नोट वाचा. नोटमध्ये नसेल तर मी लावणार नाही, कितीही वेळा पाठवा.

सीओ-११ म्हणजे आजार आणि उपचार जुळत नाहीत. सीओ-५० म्हणजे वैद्यकीय गरज दिसत नाही. सीओ-१९७ म्हणजे आधी परवानगी घेतली नव्हती. आजाराचे कोड दर १ ऑक्टोबरला बदलतात, उपचारांचे १ जानेवारीला. त्या दोन तारखांनंतरच्या आठवड्यांत डिनायल वाढले तर आधी जुना कोड गेलाय का ते बघा.

बी.कॉम.वाल्यांनी कोडिंगकडे जाऊ नये असं काही नाही. शरीरशास्त्र शून्यापासून शिकावं लागतं, ते एका वर्षात होतं. आमच्या टीममध्ये दोघी आहेत तशा.

कृष्णाकाठची (१३ जून, रात्री ९:२०)

सगळ्यांचे मनापासून आभार. उधारीच्या वहीचं मी बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मग कारखान्याला १४ दिवसांत द्यायचा कायदा आहे, विमा कंपनीला नाही का?" हे मला माहीत नाही.

आणि इंग्रजीबद्दल कोणी लिहिलंच नाही.

रात्रीचा_प्रवासी (१३ जून, रात्री ९:४५)

बाबांनी बरोबर पकडलं. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात १४ दिवस आहेत, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. मेडिकेअरचंही तसंच आहे: निर्दोष क्लेम ३० दिवसांत निकाली काढायचा, नाहीतर व्याज. शिवाय इलेक्ट्रॉनिक क्लेमचे पैसे १४ व्या दिवसाच्या आत देतही नाहीत, म्हणून दहाव्या दिवशी मेडिकेअरला फोन करणं म्हणजे वेळ घालवणं. खासगी कंपन्यांसाठी बहुतेक राज्यांचे आपापले कायदे आहेत. 'निर्दोष' या शब्दावर सगळं अडतं. कागद अपुरा म्हटलं की घड्याळ थांबतं.

सातारारोड (१४ जून, सकाळी ११:००)

इंग्रजीचं मी सांगतो. मी कोरेगावचा, मराठी माध्यम, आता टीमचा क्वालिटी ऑडिटर. दिवसाला सगळ्यांचे कॉल ऐकतो.

या कामातलं इंग्रजी फार छोटं आहे. रोज तेच तीस-चाळीस प्रश्न. लिहून काढ, आरशासमोर म्हण, पंधरा दिवसांत तोंडात बसतात. अडतं ते अक्षरांवर. बी, डी, पी, टी, व्ही फोनवर सगळी सारखीच ऐकू येतात. मेंबर आयडीतलं एक अक्षर चुकलं की पेशंटच सापडत नाही. म्हणून बी फॉर ब्राव्हो, डी फॉर डेल्टा, पी फॉर पापा, व्ही फॉर व्हिक्टर हे ए ते झेड घोटून पाठ कर. एसटीत बसलीस की समोरच्या गाडीचा नंबर मनात असा वाच. मी तसंच केलं.

दुसरं, समजलं नाही तर 'यस, यस' म्हणू नकोस. 'कुड यू प्लीज रिपीट दॅट' म्हणायला लाज नाही. मी ऑडिटमध्ये पुन्हा विचारणाऱ्याचे गुण कापत नाही. न समजता काहीतरी लिहून ठेवणाऱ्याचे कापतो.

एडिसनकर (१४ जून, रात्री ११:३५)

मी न्यू जर्सीत एका छोट्या क्लिनिकमध्ये बिलिंग बघते. भारतातली टीम ज्यांच्यासाठी रात्रभर जागते, त्या टोकाला मी बसते. दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली, तुम्ही सिस्टिममध्ये लिहिलेली नोट मी सकाळी वाचते. 'कॉल्ड इन्शुरन्स, क्लेम डिनाइड, नीड ॲक्शन' अशी नोट आली की मला पुन्हा सगळं पहिल्यापासून करावं लागतं. आणि 'सीओ-२२, पेशंटने दुसऱ्या विम्याची माहिती दिलेली नाही, ४ तारखेला पत्र पाठवलंय, पेशंटने स्वतः फोन केला तर क्लेम पुन्हा तपासतील' अशी नोट आली की मी पेशंटला लगेच फोन करते. सीओ-२२ म्हणजे कोणता विमा पहिला, कोणता दुसरा, हा घोळ. कोणी पासष्टीनंतरही नोकरी करत असेल आणि मालकाकडे २० किंवा जास्त कामगार असतील, तर नोकरीचा विमा आधी आणि मेडिकेअर नंतर. निवृत्त झाल्यावर उलटतं. निवृत्त माणसाला हे कळवायचं असतं हेच माहीत नसतं. त्याच्या दारात सहाशे डॉलरचं पत्र येऊन पडतं आणि तो मला फोनवर रडवेल्या आवाजात विचारतो, मी काय चुकलो?

दुसरी गोष्ट इथे येणाऱ्या आईवडिलांची. दर उन्हाळ्यात पुण्या-मुंबईहून कोणाचे तरी आई-बाबा येतात, छातीत दुखतं, इमर्जन्सीत जातात. बहुतेकांकडे प्रवासाचा विमा असतो, पण तो ठरावीक रकमेचा असतो: एका दिवसाचे इतके, एका तपासणीचे इतके. खरं बिल त्याच्या कितीतरी पट. घरातले घाबरून क्रेडिट कार्ड पुढे करतात. असं करू नका. आधी प्रत्येक सेवेचं वेगवेगळं बिल मागा. हॉस्पिटल ना-नफा तत्त्वावरचं असेल तर कायद्याने त्यांच्याकडे आर्थिक मदतीचं लेखी धोरण असावंच लागतं, आणि पहिल्या बिलापासून २४० दिवसांपर्यंत अर्ज करता येतो. कोण पात्र ते प्रत्येक हॉस्पिटल ठरवतं, पण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. आधी ठरवून केलेला उपचार असेल आणि विमा नसेल, तर २०२२ पासून खर्चाचा अंदाज लेखी द्यावा लागतो. बिल त्या अंदाजापेक्षा ४०० डॉलर किंवा जास्त वर गेलं तर १२० दिवसांत तक्रार करता येते.

मी हे माझ्याच नात्यातल्या एका काकांच्या वेळी शिकले. तोवर बिलिंगमध्ये चार वर्षं काढली होती आणि तरी मला मदतीचा अर्ज असतो हे माहीत नव्हतं.

पंचगंगा_डेस्क (१५ जून, दुपारी १२:२०)

कोल्हापुरात हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवर आहे, म्हणजे पेशंटच्या विम्याचे क्लेम बघते. अमेरिकेचं मला माहीत नाही, पण वाचता वाचता वाटलं, काम एकच आहे. फरक एवढाच की तुम्हाला पेशंटची जन्मतारीख दिसते आणि मला त्याची बायको समोर उभी दिसते.

आमच्याकडे कॅशलेसची विनंती गेली की एका तासात निर्णय आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत अंतिम मंजुरी, असं विमा नियामक आयआरडीएआयने २९ मे २०२४ च्या परिपत्रकात घालून दिलंय. उशिरामुळे वाढलेला हॉस्पिटलचा खर्च विमा कंपनीने सोसायचा. हे पेशंटच्या घरच्यांना माहीत नसतं. मी डेस्कवर कागद छापून लावलाय.

सगळ्यात जास्त भांडणं खोलीच्या भाड्यावरून होतात. पॉलिसीत दिवसाला ३,००० ची मर्यादा आणि घेतली ६,००० ची खोली, तर फक्त खोलीचे नाही, डॉक्टरची फी, ऑपरेशन असे बरेच खर्च त्याच प्रमाणात कापले जातात. लोकांना वाटतं तीन हजारांचाच फरक पडेल. भरती करतानाच हे सांगितलं तर निम्मे लोक साधी खोली घेतात. सांगायला दोन मिनिटं लागतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसणारा पेशंट असेल तर आधी आरोग्यमित्राकडे पाठवते. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, तिथे कॅशलेस पॉलिसीचे हप्ते भरणाऱ्यापेक्षाही सुटका लवकर होऊ शकते.

कृष्णाकाठची, पुण्याला जायचं नसेल तर हे काम जिल्ह्याच्या ठिकाणीही आहे, दिवसाचं आहे. पगार कमी असतो, ते खरं.

दिवसा_झोपणारी (१५ जून, दुपारी ३:४०)

आईच्या गप्प होण्याबद्दल लिहिते. मी दोन मुलांची आई, नऊ वर्षं रात्रपाळी. महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते आणि सुरक्षेची, घरी पोहोचवण्याची जबाबदारी मालकाची. कॅब दारापर्यंत येते का, शेवटची उतरणारी मुलगी असेल तर गार्ड असतो का, हे विचार. 'पिक-अप पॉइंट' म्हणाले तर कुठला ते विचार. हे विचारणाऱ्या मुलीला कोणी नाकारत नाही.

झोपेचं: खिडकीला जाड काळा पडदा, घरच्यांना ठरलेली वेळ सांगून ठेवायची, आणि सुट्टीच्या दिवशीही वेळ फार बदलायची नाही. सुट्ट्या अमेरिकेच्या असतात. ४ जुलैला सुट्टी, गौरीजेवणाच्या दिवशी काम. मी पहिल्या वर्षी गौरीच्या दिवशी कॅबमध्ये बसून रडले होते. दुसऱ्या वर्षी मे महिन्यातच रजा टाकली.

नागपूरी_संत्रं (१५ जून, संध्याकाळी ६:१०)

एक शंका. एआयने हे सगळं जाईल ना? आमच्याकडे मिहानमध्ये क्लेमचं स्टेटस आता बॉट काढतो.

रात्रीचा_प्रवासी (१५ जून, संध्याकाळी ६:२५)

नुसतं स्टेटस विचारण्याचं काम जाईल, जातंच आहे. पोर्टलवर दिसतं त्यासाठी माणसाला चाळीस मिनिटं होल्डवर बसवणं चूकच होतं. पण दोन हजार चोवीसचा फेब्रुवारी आठवा. २१ तारखेला अमेरिकेतल्या एका फार मोठ्या क्लिअरिंग हाऊसवर सायबर हल्ला झाला. क्लेम जाईनात, पैशांचा तपशील येईना, लहान क्लिनिकवाले पगार कुठून द्यायचे या चिंतेत. त्या आठवड्यांत ज्यांना सीएमएस-१५०० हा क्लेमचा कागदी फॉर्म चौकट-चौकट भरता येत होता, चेकबरोबर आलेला ईओबी (कशाचे किती पैसे दिले त्याचा कागद) डोळ्यांनी वाचून हाताने पोस्ट करता येत होता, त्यांच्या भरवशावर काम चाललं. आमच्या टीममध्ये असे तिघेच होते. मी त्यानंतर प्रत्येक नवीन बॅचला कागदी फॉर्म हाताने भरायला लावतो.

कृष्णाकाठची (१६ जून, सकाळी १०:०५)

कॅबचं, बाँडचं, टार्गेटचं विचारलं. बाँड नाही. कॅब दारापर्यंत आहे. हो कळवलं. आई अजून फार बोलत नाहीये, पण काळ्या पडद्याचं कापड तिनेच आणलं.

कृष्णाकाठची (६ नोव्हेंबर, दुपारी १:३०)

धागा वर काढते. पाच महिने झाले.

पहिला महिना फार वाईट गेला. ट्रेनिंगमध्ये सगळं कळायचं आणि फोनवर सगळं विसरायला व्हायचं. एका कॉलवर मी सोळा मिनिटं होल्डवर थांबून, माणूस आल्यावर घाबरून फोन कट केला होता. सातारारोड यांची ए ते झेड यादी मी डेस्कवर ठेवणार होते, पण फ्लोअरवर कागद, पेन, मोबाइल काहीच नेता येत नाही, पेशंटची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून. मग पाठच करावी लागली. आता झोपेतही येते.

सप्टेंबरमध्ये एक क्लेम मिळाला. खासगी विमा, ११२ डॉलर ४० सेंट, सीओ-२९, म्हणजे मुदतीनंतर आला म्हणून नाकारला. आधीच्या तिघांनी लिहिलं होतं, 'मुदत संपली, सोडून द्या.' रात्रीचा_प्रवासी यांनी लिहिलेलं फोल्डरचं आठवलं. मी क्लिअरिंग हाऊसचे जुने रिपोर्ट उघडत गेले आणि २७७सीए, म्हणजे क्लेम स्वीकारला की परत फिरवला ते सांगणारा रिपोर्ट, सापडला. विमा कंपनीने तो क्लेम ४१ व्या दिवशीच स्वीकारल्याची नोंद त्यात होती. त्यांच्याच बाजूला कुठेतरी हरवला होता. फोन करून अपीलचा फॅक्स घेतला, लीडने पत्र तपासून दिलं, रिपोर्ट जोडला. ऑक्टोबरच्या शेवटी पैसे आले. पेशंटच्या वाट्याचे फक्त २० डॉलर कोपे निघाले, ते त्याने आधीच भरले होते. म्हणजे त्याला एकही पत्र जाणार नाही.

बाबांना सांगितलं. नाव-गाव काही सांगता येत नाही, रक्कम आणि तारखा सांगितल्या. ते उठून आत गेले आणि जुनी वही घेऊन आले. दोन वर्षांपूर्वीची एक उधारी त्यांनी बुडीत म्हणून काट मारली होती. वहीत मागे चिकटवलेली वजनकाट्याची पावती दाखवून म्हणाले, "ही घेऊन मी कारखान्यात गेलोच नाही बघ कधी."

एक विचारायचं होतं. आता माझ्याकडे एकाच क्लिनिकचे सीओ-२२ चे चौदा क्लेम आलेत. मला पेशंटला फोन करायची परवानगी नाही. नोट लिहून पाठवली की तिकडे कोणी फोन करतं का, ते कळत नाही. पाच क्लेम ९० दिवसांच्या पुढे गेलेत.

एडिसनकर (६ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:१५)

आधी अभिनंदन. खूप बरं वाटलं वाचून.

चौदा वेगळ्या नोटा पाठवू नकोस, सकाळच्या गर्दीत हरवतात. लीडला सांगून एकच यादी कर: पेशंट, विमा कंपनी, पत्र कधी गेलं, पेशंटने नक्की कोणत्या नंबरवर फोन करायचा, आणि मुदत कधी संपते. मुदतीच्या क्रमाने लाव. मेडिकेअरचे वेगळे काढ, त्यांचा फोन वेगळ्या केंद्राला करावा लागतो. आणि त्या चौदांच्या जन्मतारखा बघ. बरेच जण नुकते पासष्टीचे झालेले असतील तर क्लिनिकच्या स्वागतकक्षात विचारायचं राहतंय. मग पंधरावा क्लेम येण्याआधी तिथेच सांगावं लागेल.

कृष्णाकाठची (६ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:२२)

आत्ता पटकन बघितलं नाही, पण आठवतंय त्यातले चार-पाच तरी १९६० चे आहेत! ताई, खूप आभार. मागच्या रविवारी अमेरिकेचं घड्याळ मागे गेलं, त्यामुळे आता साडेसातला लॉगिन असतं. फोन लॉकरमध्ये ठेवते. यादी करून सकाळी लिहिते.